गावच्या कबड्डी स्पर्धेला इलेक्ट्रॉनिक गुणफलक लावताय? ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

वाळवा तालुक्यातल्या आमच्या मंडळाच्या कबड्डी स्पर्धेत मी आधी कितीतरी वर्षं गुणपत्रक भरलं. मग मंडळाने इलेक्ट्रॉनिक बोर्ड घ्यायचं ठरवलं आणि ते काम माझ्याकडे आलं. कुणाला विचारावं, काय मागावं, काही कळत नव्हतं. दुकानदार विचारायचा, ‘किती पॅनेलचा पाहिजे?’ आणि आम्ही एकमेकांकडे बघायचो. दोन हंगाम चुका करत शिकलो. त्यातलं जे आठवतंय ते सगळं इथे क्रमाने मांडतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. बोर्ड गुण दाखवतो, गुण ठरवत नाही. पंचांनी दिलेला आणि गुणलेखकाने कागदावर लिहिलेला गुण तोच खरा गुण. पुढच्या प्रत्येक पायरीत मी हेच धरून सांगितलंय.

१. बोर्डवर काय दिसायला हवं, ते आधी कागदावर काढा

दुकानात जाण्याआधी एका कोऱ्या कागदावर बोर्डचं चित्र काढा. कबड्डीसाठी लागणाऱ्या गोष्टी अशा:

- दोन्ही संघांचे गुण, प्रत्येकी दोन अंकी
- सामन्याचं घड्याळ, मिनिटं आणि सेकंद, उलटं मोजणारं
- चढाईचं ३० सेकंदांचं वेगळं घड्याळ
- पहिला डाव की दुसरा
- मैदानात किती खेळाडू शिल्लक आहेत (प्रत्येक बाजूला सात ठिपके)
- सलग किती चढाया रिकाम्या गेल्या
- दोन्ही संघांचे उरलेले टाइम-आउट

पहिल्या तीन गोष्टींशिवाय बोर्ड घेऊच नका. बाकीच्या पैसे असतील तशा. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून गावातली पोरंसुद्धा ‘थर्ड रेड’ (सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावर गुण आणावाच लागतो ती तिसरी चढाई) आणि ‘सुपर टॅकल’ (अव्वल पकड) बघायला शिकली आहेत, त्यामुळे रिकाम्या चढायांचा आकडा दिसला की प्रेक्षक जागचा हलत नाही. आम्ही पहिल्या वर्षी तो घेतला नव्हता, दुसऱ्या वर्षी जोडून घेतला.

डावाची वेळ बदलता आलीच पाहिजे. पुरुषांचा डाव २० मिनिटांचा असतो, महिला आणि लहान गटांना बऱ्याच स्पर्धांत १५ मिनिटं देतात, मध्यंतर ५ मिनिटांचं. फक्त २० मिनिटांवर बांधलेला बोर्ड कुणी देत असेल तर घेऊ नका.

२. सात ठिपक्यांचा सापळा

नवी माणसं सगळ्यात जास्त इथेच फसतात, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

काही बोर्डांत सोय म्हणून ‘गुण वाढला की खेळाडू आपोआप जिवंत’ असं जोडून दिलेलं असतं. ऐकायला छान वाटतं. पण कबड्डीत प्रत्येक गुणाला खेळाडू जिवंत होत नाही. समोरचा खेळाडू बाद झाला तरच आपला एक आत येतो. बोनसच्या गुणाला (चढाईपटूने बोनस रेषा ओलांडल्याचा) कुणी आत येत नाही. तांत्रिक गुणालाही नाही. लोणाचे (समोरचा सगळा संघ बाद केल्याचे) दोन गुण मिळतात, त्यानेही आपला बाहेरचा खेळाडू आत येत नाही. ज्यांच्यावर लोण चढला त्यांचे मात्र सातही जण पुन्हा उभे राहतात. तीन किंवा कमी बचावपटूंनी पकड केली तर ज्या स्पर्धेत अव्वल पकडीचा नियम आहे तिथे दोन गुण मिळतात, पण खेळाडू एकच जिवंत होतो.

एक उदाहरण घ्या. समोर एकच बचावपटू उरलाय. आपल्या चढाईपटूने त्याला टिपलं आणि परत आला. गुण किती? स्पर्शाचा एक, लोणाचे दोन, एकूण तीन. आपले आत किती आले? एकच. समोरचे किती झाले? सात. आपोआप मोजणाऱ्या बोर्डने इथे आपले तीन खेळाडू जिवंत केले की सगळा हिशोब बिघडला. पुढच्या चढाईला बोनस लागू आहे की नाही, यावरून लगेच भांडण, कारण समोर सहा किंवा जास्त बचावपटू असतील तरच बोनस मिळतो.

म्हणून ठिपक्यांसाठी वेगळी बटणं मागा. गुण वेगळे, ठिपके वेगळे, आणि ‘सातही’ असं एक बटण लोणासाठी. आणखी एक: बरोबरी सुटण्यासाठी प्रत्येकी ५ चढाया होतात तेव्हा कुणी बाद–जिवंत होत नाही. त्या वेळी ठिपके सातावर ठेवून हात काढून घ्यायचा.

३. तीन प्रकारांतून एक निवडा

*लॅपटॉप आणि टीव्ही.* मंडळाकडे पैसे कमी असतील आणि सामने रात्रीचे, शे-दोनशे माणसांसमोर असतील तर हे पुरतं. गुणफलकाचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालवायचं आणि एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडायचं. ही वायर दहा-पंधरा मीटरच्या पुढे गेली की चित्र जायला लागतं, म्हणून टीव्ही गुणलेखकाच्या टेबलाजवळच उभा करा. लॅपटॉपचं झोपणं आणि अपडेट दोन्ही आधी बंद करा. उन्हात टीव्हीवर काहीच दिसत नाही.

*सात रेघांच्या अंकांचा बोर्ड.* बँकेत टोकन दाखवतात तसे अंक, फक्त मोठे. अक्षरं येत नाहीत, आकडेच येतात. पण साधा, दणकट, दुरुस्तीला सोपा. व्हॉलीबॉल आणि खो-खोला मी हाच सुचवीन.

*पी-१० पॅनेलचा बोर्ड.* दुकानांच्या दारावर सरकणारी लाल अक्षरं असतात तीच ही पॅनेलं. एका पॅनेलचा आकार ३२ सेंमी बाय १६ सेंमी, आडवे ३२ आणि उभे १६ दिवे, दोन दिव्यांत १० मिमी अंतर, म्हणून पी-१०. हवी तितकी जोडायची. आमचा बोर्ड बारा पॅनेलचा आहे: आडवी चार, उभी तीन. म्हणजे रुंदी १२८ सेंमी, उंची ४८ सेंमी. खालच्या दोन रांगांत गुण आणि मधे चढाईचं घड्याळ, वरच्या रांगेत सामन्याचं घड्याळ. गुणाचा अंक ३२ सेंमी उंच होतो.

एवढा मोठा अंक लागतो का? माझा ठोकताळा असा: एक इंच उंचीचा अंक साधारण दहा मीटरवरून आरामात वाचता येतो. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, पण प्रेक्षक त्याच्या भोवती पाच-सात रांगांत आणि मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभे असतात. सहा इंचाचा अंक पुरतो. त्याहून मोठा घेतला तर म्हाताऱ्या माणसांचं भलं होतं, म्हणून आम्ही घेतला.

पी-१० घेताना बाहेर वापरायची जास्त उजेडाची पॅनेलं मागा. घरातली पॅनेलं स्वस्त पडतात आणि दुपारी मेलेली दिसतात.

४. संघांची नावं मराठीत हवीत? मग हे वाचा

सोळा दिव्यांच्या उंचीत देवनागरी बसवणं अवघड आहे. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, मधे शिरोरेघ. ‘पलूस’ कसंबसं बसतं, ‘कवठेमहांकाळ’ लिहिलं की ‘ठे’चा मात्रा कापला जातो आणि नाव संपायच्या आत पॅनेल संपतं. कित्येक कंट्रोलर कार्डांना (पॅनेलवर काय दिसायचं ते चालवणारं सर्किट) देवनागरी जोडाक्षरं येतच नाहीत. ‘क्र’चं ‘क्‌र’ करून टाकतात. शिवाय गावाचं नाव चुकीचं झळकलं तर समोरचा संघ मनापासून दुखावतो.

उपाय दोन. एक, नाव संगणकावर चित्र म्हणून तयार करून कार्डात टाकायचं. दोन, जो आम्ही केला: बोर्डच्या वर दोन पत्र्याच्या खाचा, त्यात नावाच्या पाट्या सरकवायच्या. स्पर्धेला २४ संघ असतील तर २४ पाट्या, गावच्या पेंटरकडून सुंदर अक्षरांत. लांबून या पाट्याच जास्त चांगल्या वाचता येतात.

५. कुठून घ्यायचा, काय लिहून घ्यायचं

सांगली, मिरज, कराड, साताऱ्यात दुकानांचे एलईडी बोर्ड करणारे कारागीर आहेत. पेटी स्वतः करून घ्यायची असेल तर कुपवाड किंवा पलूसच्या एमआयडीसीत पत्र्याचं काम करणारा कुणीही करून देईल. सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेत मिळतात, मुंबईला लॅमिंग्टन रोडला. तरी माझं मत विचाराल तर जवळच्या माणसाकडून घ्या, थोडं महाग पडलं तरी. रविवारी उपांत्य फेरीआधी एक पॅनेल गेलं तर दुचाकीवरून तासाभरात येणारा माणूस पाहिजे.

आम्ही पहिला बोर्ड लांबून मागवला होता. तीन महिन्यांत त्याचं कार्ड गेलं. दुकानाने आधी फोन घेतला, नंतर घेतला नाही. बिलावर ‘डिस्प्ले बोर्ड, एक नग’ एवढंच होतं, हमीचा उल्लेख नव्हता. चूक आमचीही होती, आम्ही लिहून मागितलं नव्हतं.

तुम्ही हे लिहून घ्या: पॅनेलांची संख्या आणि प्रकार, पॉवर सप्लाय किती अँपिअरचा, कार्डाचं मॉडेल, रिमोट वायरचा की बिनवायरचा, हमी किती महिन्यांची आणि त्यात पॅनेल, सप्लाय, कार्ड तिन्ही येतात का. दोन जादा पॅनेलं आणि एक जादा रिमोट त्याच ऑर्डरमध्ये मागा. नंतर घेतलेल्या पॅनेलचा लाल रंग वेगळा येतो आणि बोर्ड ठिगळ लावल्यासारखा दिसतो.

मंडळाच्या बाजूने लागणारे कागद:

- कार्यकारिणीचा खरेदीचा ठराव, सह्यांसह
- किमान तीन ठिकाणचे दरपत्रक
- मंडळाचं नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅन
- पैसे मंडळाच्या बँक खात्यातून दिल्याची नोंद
- जीएसटीचं पक्कं बिल आणि हमीपत्र. दोन्हींची झेरॉक्स बोर्डच्या पेटीत चिकटवून ठेवा

ठराव आणि दरपत्रकं कंटाळवाणी वाटतात. पण पुढच्या वर्षी कार्यकारिणी बदलली की पहिला प्रश्न बोर्डच्या खर्चावर येतो. वर्गणी गावाची असते, हिशोब दाखवता आला पाहिजे.

६. घेण्याआधी दुकानात करायच्या तीन परीक्षा

पहिली, प्लग उपटायची. गुण २३–१९ करा, घड्याळ चालू करा आणि वीज बंद करा. पुन्हा चालू केल्यावर २३–१९ आणि तीच वेळ दिसली पाहिजे. ००–०० आलं तर बोर्ड परत ठेवा. आमच्या पहिल्या बोर्डने उपांत्य सामन्यात हेच केलं. जनरेटर क्षणभर दबला, बोर्ड शून्यावर आला, आणि हजारभर माणूस एकदम ओरडायला लागला. गुणपत्रक माझ्या हातात होतं म्हणून दोन मिनिटांत सामना पुन्हा सुरू झाला.

दुसरी, अंतराची. बिनवायरचा रिमोट घेऊन दुकानाबाहेर शंभर पावलं जा, मधे माणसं उभी करा. दुकानदार सांगतो ते अंतर मोकळ्या रानातलं असतं. माणसाचं अंग वाय-फायच्या लहरी अडवतं आणि स्पर्धेला तुमच्या आणि बोर्डच्या मधे गर्दीच असते. शिवाय मोबाइल ॲपवर चालणारा बोर्ड असेल तर नेमका फोन येतो. तो फोन फक्त बोर्डासाठी ठेवा, विमान मोडवर टाका आणि मग वाय-फाय चालू करा. मी आता वायरचाच रिमोट वापरतो. आरएस-४८५ पद्धतीची वायर शेकडो मीटर बिनतक्रार चालते.

तिसरी, मागे जाण्याची. चुकून दाबलेला गुण एका बटणात कमी झाला पाहिजे. काही रिमोटांना फक्त वाढवायचं बटण असतं; चूक झाली की ९९ वरून फिरून यावं लागतं!

७. वीज

लाल पी-१० पॅनेलला पूर्ण उजेडावर साधारण २० वॉट धरा. बारा पॅनेलांना २४० वॉट. पॅनेल ५ व्होल्टवर चालतं, म्हणजे ४८ अँपिअर. ४० अँपिअरचा एकच सप्लाय लावला तर तो तापतो आणि रात्री दहाच्या सुमाराला, नेमक्या अंतिम सामन्यात, बोर्ड मिटमिटायला लागतो. ४० अँपिअरचे दोन लावा, प्रत्येकावर सहा पॅनेलं.

५ व्होल्टची वायर जाड आणि आखूड हवी. बारीक वायरने एका पॅनेलवरून दुसऱ्याला वीज पुढे नेली की टोकाची पॅनेलं फिकट पडतात. लोक पॅनेल खराब समजून बदलतात. दोष वायरचा असतो.

मैदानावर वीज घ्यायची तर महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज वेळेत करा. खांबावर आकडा टाकायचा विचारही करू नका. पत्र्याची पेटी, ओली माती, अनवाणी खेळाडू, जीव जाईल. पेटीला अर्थिंग आणि जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच ती तोडणारा स्विच) लावल्याशिवाय मी बटण दाबू देत नाही. जनरेटरवर फ्लडलाइट आणि बोर्ड एकत्र असतील तर बोर्डला मधे छोटा यूपीएस द्या. दिवे लागताना जो झटका बसतो तो त्याने अडतो.

८. उभा कुठे करायचा

गुणलेखकाचं टेबल मध्यरेषेसमोर, बोर्ड त्याच्या समोरच्या बाजूला. गुणलेखकाला स्वतःचा बोर्ड दिसलाच पाहिजे. बोर्ड टेबलाच्या डोक्यावर लावतात, मग चूक झालेली सगळ्या गावाला दिसते, फक्त टेबलावरच्याला दिसत नाही.

खालची कड माणसाच्या डोक्याच्या वर, साधारण सात-आठ फुटांवर. दिवसाचे सामने असतील तर बोर्डचं तोंड उत्तरेकडे करा. आपल्याकडच्या स्पर्धा बहुतेक हिवाळ्यात, तेव्हा सूर्य दक्षिणेकडून जातो. उत्तरेकडे तोंड असलं तर अंकांवर ऊन पडत नाही. पश्चिमेकडे तोंड केलं तर चारनंतर काहीच दिसणार नाही. मागे बांबूला दोन्हीकडून ताण द्या. बोर्ड जड असतो आणि वारा पत्र्याला ढकलतो.

नदीकाठच्या गावांना एक सूचना: जानेवारीत रात्री दव पडतं. पेटीच्या वरच्या कडेला चार इंच पत्रा पुढे काढा आणि खाली हवेला भोकं ठेवा.

९. टेबलावर कोण बसणार

बोर्ड कितीही चांगला असो, बटणावरचा माणूस भांबावला तर तो बोर्ड काही कामाचा नाही. आमच्याकडे तिघं बसतात. एक गुणपत्रक लिहितो, दुसरा बोर्डचे गुण आणि ठिपके दाबतो, तिसरा फक्त दोन घड्याळं सांभाळतो. दोघांत भागवू नका. चढाईचं ३० सेकंदांचं घड्याळ सांभाळणाऱ्याला दुसरं काही बघायला वेळच नसतो.

पद्धत ठरलेली हवी. चढाई संपते. प्रेक्षक ओरडतात, खेळाडू बोटं वर करतात, पण कुणी काही दाबायचं नाही. पंच हात दाखवतात. गुणलेखक लिहितो आणि मोठ्याने म्हणतो, ‘डावीकडे दोन, बाद एक, बोनस एक.’ बोर्डवाला दाबतो आणि उलट सांगतो, ‘डावीकडे चौदा.’ गुणलेखक मान हलवतो. हे सगळं चार सेकंदांत होतं. सुरुवातीला पोरांना वाटतं की गुण पटकन दिसला पाहिजे. उशिरा दिसलेल्या गुणावर कुणी भांडत नाही. दिसून मग कमी झालेल्या गुणावर मात्र संघ मैदान सोडून जायला निघतात.

चढाईचं घड्याळ कधी सुरू करायचं, टाइम-आउटला दोन्ही घड्याळं थांबतात का, हूटर कुणाच्या सांगण्यावर वाजवायचा, हे सकाळीच पंचांना विचारून टेबलावर लिहून ठेवा. दर मध्यंतराला बोर्ड आणि कागद जुळवा. फरक असेल तर कागदाप्रमाणे बोर्ड बदला आणि माइकवरून तसं जाहीर करा. दोन्ही संघनायकांना नाणेफेकीच्या वेळीच सांगून ठेवा की गुणपत्रक अंतिम.

हूटरचं आणखी एक. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी असते, आणि मोठा भोंगाही त्यातच मोजला जातो. सामने लांबले तर पंचांची शिट्टी पुरे.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी दोन संध्याकाळी आपल्याच पोरांचे सामने लावून सराव करा. आमच्याकडे आता दहावी-बारावीच्या दोन मुली बोर्ड सांभाळतात. त्यांच्याइतका शांत हात मी अजून पाहिलेला नाही.

१०. तुमचा खेळ कबड्डी नसेल तर

व्हॉलीबॉलला २५ गुणांचे सेट, पाचवा १५ चा. घड्याळ लागत नाही, सेटचा आकडा आणि सर्व्हिसचा दिवा लागतो. खो-खोला डावाची वेळ वयोगटाप्रमाणे बदलते, म्हणून वेळ हवी तशी लावता येणारा बोर्ड घ्या.

मॅटवरच्या कुस्तीला लाल आणि निळा असे दोन रंग हवेत, घड्याळ ३-३ मिनिटांचं आणि मधे ३० सेकंदांची विश्रांती. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. त्या मातीतल्या तालमी आता मॅटकडे वळतायत, त्यांना असा बोर्ड जरूर घ्यावा. मातीवरच्या निकाली कुस्तीला बोर्डची गरज नाही. पाठ लागली की सगळ्या मैदानाला दिसतं.

११. स्पर्धा संपल्यावर

शेवटच्या दिवशी सगळे दमलेले असतात आणि बोर्ड मंडपाच्या सामानात फेकला जातो. पॅनेलमागची चपटी केबल इथेच तुटते. बोर्ड उतरवायला दोन माणसं आधीच नेमून ठेवा. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा, ओलं फडकं लावू नका. रिमोटमधले सेल काढा, नाहीतर जूनपर्यंत पाझरून आत गंज चढतो. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, उभी ठेवा, आडवी नको.

कृष्णा-वारणेच्या काठी राहत असाल तर तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात किती मंडळांचं सामान गेलं ते आपण पाहिलंय. आमचा बोर्ड शाळेच्या वरच्या मजल्यावर असतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तासभर चालू करून ठेवतो, म्हणजे आतली ओल निघून जाते. किल्ली कुणाकडे आहे ते वहीत लिहिलेलं असतं.